उसने मामंजी

घरात वयानं थकलेलं माणूस असेल, तर थकलेल्या बिलापायी हिवाळ्यात वीज तोडायची नाही, असा नियम निघाला आणि आमच्या इमारतीतल्या एकुलत्या एका आजोबांना सोन्याचा भाव आला. वायरमन फाटकात दिसताच तळमजल्यावरच्या वहिनी वर धावल्या. आजोबांच्या दाराला आठवणीनं कुलूप घालून त्यांना अलगद खाली आणलं आणि आपल्या हीटरसमोर शाल पांघरवून बसवलं. “हे आमचे मामंजी. थंडी सोसत नाही हो त्यांना!” वायरमननं मामंजींना नमस्कार केला, पक्कड खिशात घातली आणि तो वर गेला. तिथं बिल थकलेलं होतं, दाराला कुलूप होतं, म्हातारं कोणी दिसत नव्हतं. नियमाप्रमाणे त्यानं वीज तोडली. संध्याकाळी आजोबा कुडकुडत पुन्हा खाली आले. वहिनींनी दार बोटभर उघडलं. “सूनबाई, जरा हीटरपाशी बसू?” “आता कशाला, काका? वायरमन केव्हाच गेला!”