हिरव्या खुणेच्या नळ्या

उंदरांच्या कानांतून काढलेले, डोळ्यांना जेमतेम दिसणारे केशरी माइट किडे नळीत चिरडताना मंजिरीने पुन्हा तोंड वाकडं केलं. तापाने दोन माणसं गेलेल्या त्या गावाचा वास नाकातून जात नव्हता. दारात उकिरडा, चुलीमागे बिळं, आजाऱ्यांच्या काखेत माइट चावल्याची काळी खपली. सरपंचबाईंनी दिलेलं पाणी तिने ओठांनाही लावलं नव्हतं. घरी येऊन दोनदा अंघोळ केली होती.

तुलनेसाठी स्वच्छ जागेचे माइटही लागतात. ते तिने आपल्याच बंगल्याच्या हिरवळीवरून गोळा केले. गावाच्या नळ्यांना लाल खूण, घरच्यांना हिरवी. डीएनए तपासला की माइटची जात कळते आणि त्याच्या पोटात तापाचे जंतू आहेत का, तेही.

लाल नळ्यांत जंतू निघाले. हिरव्यांतही निघाले. जातही तीच.

"गावची घाण चांगल्या नळ्यांत मिसळलीत तुम्ही," ती प्रयोगशाळेतल्या ढोमणेताईंवर खेकसली.

"मॅडम, हिरव्या नळ्यांना तुम्ही मला हातच लावू दिला नाहीत."

पुन्हा तपासलं. तेच. मग तिला बाबा आठवले. डोळ्यांना चांगलं म्हणून रोज सकाळी त्या हिरवळीवर दवात अनवाणी चालणारे, आणि गेले चार दिवस तापाने अंथरुणाला खिळलेले. तिने घरी फोन लावला.

"आई, बाबांच्या अंगावर कुठे काळी खपली आहे का गं?"

"आहे ना, मांडीवर. परवाच तुला दाखवत होते, तर म्हणालीस, शी, तो रोग आपल्याकडे कशाला येईल."