खालच्या बाईंचा दगड

“पूजाच तर केली. एवढं काय आभाळ कोसळलंय!” वत्सलाबाई सुनेच्या कानाशी पुटपुटल्या.

“आई, हळू,” सरिता म्हणाली आणि तिने ओला स्पंज पिळला.

समोर हॅरिएट शाईचा रूळ दगडावरून फिरवत होती. जर्मनीतल्या उंटरश्लाइसहाइमच्या त्या घरात वर सरिताचं कुटुंब भाड्याने राहायचं आणि खाली ही अमेरिकन घरमालकीण. गॅरेजमध्ये गाडीऐवजी तिचा हातप्रेस होता. ऐन तरुणपणी ती ओहायो सोडून आली ती इथल्या दगडासाठी. शिळाछापाला, म्हणजे दगडावर चित्र काढून छापायला, बव्हेरियातल्या चुनखडीसारखा दगड जगात नाही, असं तिचं म्हणणं. दगडासाठी आली आणि नवऱ्यासाठी, उवेसाठी, राहिली. ती काढायची, तो छापायचा. मोजक्या प्रती, प्रत्येकीवर पेन्सिलीने क्रमांक आणि सही, मग दगड घासून पुन्हा कोरा. चित्रं म्हणाल तर कागदावर जवळजवळ काही नसायचं. एखादी रेघ, एखादी करडी छटा. तेवढ्यावर ती संग्रहालयांत जाऊन पोचली होती.

तीन वर्षांपूर्वी उवे गेला. त्यानंतर ती आणि सरिता मिळून इतरांची चित्रं छापायच्या, दर शनिवारी. दगड ओला ठेवायचं उवेचं स्पंजाचं काम सरिता शिकली होती. हॅरिएटचं स्वतःचं नवं चित्र मात्र आलं नव्हतं. तिचा दगड प्रेसशेजारी कायम कपड्याखाली असायचा. “कसं चाललंय?” विचारलं की ती म्हणायची, “जमतंय.” ड्युसेलडॉर्फचा गॅलरीवाला वसंतातल्या प्रदर्शनाची आशा धरून बसला होता, पण फोनवर हवापाण्याचंच बोलायचा. सरिताही पुढे काही विचारायची नाही.

दगडाला बोट लावायचं नाही, हा तिथला पहिला धडा. हाताचा ओशटपणासुद्धा दगड धरून ठेवतो, आणि शाई नेमकी तिथेच चिकटते.

हा धडा वत्सलाबाईंना कोणी दिला नव्हता. खंडेनवमीला त्यांनी मुलाच्या लॅपटॉपला, नातीच्या, अन्वीच्या सायकलला आणि डिशवॉशरला हळदकुंकू वाहिलं. मग त्यांना वाटलं, खालच्या बाईंचं यंत्र तेवढं राहिलं. हॅरिएट डॉक्टरकडे गेलेली, गॅरेजची किल्ली वरच लटकत होती.

“कुंकू लावलंत ते प्रेसला ना?” सरिताने संध्याकाळी विचारलं होतं.

“प्रेसला आणि दगडाला. दगड तर मुख्य देव. पाच बोटं टेकवून नमस्कार केला.”

“कोरड्या हाताने?”

“तुपाचं निरांजन जरा कलंडलं गं. पदराने टिपलं लगेच.”

“आई! त्यावर तिचं चित्र होतं!”

“काही चित्रबित्र नव्हतं.”

“तिची चित्रं तशीच असतात!”

सरिताचा नवरा चंद्रशेखर तेवढ्यात म्हणाला, “जर्मन बटरचं तूप आहे, दगड समजून घेईल.” दोघींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो कचरा टाकायला निघून गेला.

कपडा वर करून बघायचा धीर सरिताला झाला नाही. सांगायचाही झाला नाही. उद्या सांगू, परवा सांगू, असं करता करता काल हॅरिएटच जिन्यात भेटली आणि म्हणाली, “आल्झो, तर उद्या माझा दगड छापायचाय. सासूबाईंनाही घेऊन ये.”

सरिता रात्रभर जागी होती. तीन वर्षांत आलेलं एकमेव चित्र. गेलेल्या नवऱ्यामागे मुश्किलीने काढलेलं. त्यावर आपल्या घरचं तूप.

आता प्रेसचा दांडा खाली आला. हॅरिएटने कागद एका कोपऱ्याने धरून सावकाश सोलला.

मोठा, मऊ कडांचा गोल होता. मध्ये गडद, बाहेर राखाडी होत विरघळणारा. पौर्णिमेचा चंद्र धुक्यात दिसावा तसा. हॅरिएटने इतकं भरीव कधी काढलं नव्हतं. सरिताच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तेवढ्यात तिला गोलाखाली पाच बोटं दिसली. रेषान्‌रेषा उमटलेली.

खिडकीपाशी दुसरा दगड उघडाच होता, त्यावर खडूच्या ताज्या रेघा. म्हणजे तिला कळलंय, सरिताच्या मनात आलं. हे फुकट गेलं म्हणून तिने नवं सुरू केलंय. आम्हाला बोलावलंय ते दाखवायला.

“हॅरिएट,” ती म्हणाली, “ही बोटं तुमची नाहीत.”

“गेनाऊ. अगदी बरोबर.”

“माझी आहेत, सांग तिला,” वत्सलाबाई पुढे झाल्या. “चूक माझी. सुनेला बोलू नको म्हणावं. घासून घासून मी काढून देते.”

सरिताने इंग्रजीत सांगितलं. घासून देण्याचंही सांगितलं.

हॅरिएट हसली. कितीतरी दिवसांनी. मग तिने पेन्सिल उचलली आणि वत्सलाबाईंच्या हातात दिली.

“सही करा म्हणतेय,” सरिता गोंधळून म्हणाली.

“मी? मी मराठीत करते गं. आणि मी कशाला?”

“हॅरिएट, नको,” सरिता घाईने म्हणाली. “थट्टा करू नका. चंद्र तुमचा आहे. आमची फक्त बोटं. माफ करा, पण चित्र तुमचं आहे.”

हॅरिएटने कागद टेबलावर ठेवला. त्या गोलाच्या कडेकडेने, कागदाला न टेकवता, बोट फिरवलं.

“उवे गेल्यापासून मी काल पहिली रेघ ओढली, सरिता, त्या खिडकीपाशी,” ती म्हणाली. “कपड्याखालचा दगड कोरा होता.”