डबा साफ बोलला

"डब्याचं पोट लोकरीनं भर. कापसानं नको, फोमनं नको. अन् ठासू नको, आवाजाला दम घ्यायला जागा ठेव."

डबे बांधायला शिकवणाऱ्या जालन्याच्या खाजा उस्तादांचे हे बोल परमेश्वरच्या कानात होते आणि समोर मारुतीच्या देवळातल्या स्पीकरचा डबा पोट फाडून पडला होता. मागची फळी उघडून उघडून स्क्रूची भोकं ढिली झाली होती. डबा त्यानंच बांधलेला, जाफराबादेतल्या आपल्या दुकानात. लाकूड चांगलं, स्पीकर चांगला. पण आत आवाज पिणारं काही नव्हतं. शब्द आतल्या आत फिरे आणि बाहेर येईस्तोवर त्याचा नुसता हुंकार होई.

जिनिंगवरून आणलेला कापूस गोळा होऊन तळाला बसला. सोफेवाल्यानं दिलेला फोम बोटं लागताच भुगा झाला. काचेची लोकर भरली, तर डबा घुमायचा थांबला नाही, परमेश्वर मात्र अंग खाजवत बसला. शेवटी मोबाइलवरून लोकर मागवली. पुडक्यातून निघाले बाळाच्या स्वेटरचे गुलाबी गुंडे.

देवळाचे पंच रामराव दुकानात डोकावले. त्या गुंड्यांकडं बघून म्हणाले, "परमेश्वर, डबा घुमतोय म्हंजी त्याच्या अंगात आलंय. लिंबू उतरव एखादा." दुकानातली गिऱ्हाइकं हसली. मग त्यांनी हळूच सांगितलं, की शनिवारपर्यंत डबा साफ बोलला नाही तर पंच भोकरदनहून दुसरा आणणार आहेत. गावच्या देवळातून डबा परत आला, की पुढं त्याच्याकडून डबा कोण घेणार?

खरी लोकर कुठं मिळते हे त्याला माहीत नव्हतं, असं नाही. थोरला भाऊ मल्हारी धावड्याला मेंढरं राखून होता. लोकरीला हल्ली कुणी विचारत नाही, कातरली की बांधावर पडते. पण मल्हारी एकदा दुकानात आल्ता, तेव्हा गिऱ्हाइकांदेखत परमेश्वर त्याला बोलून गेल्ता, की अंगाला मेंढराचा वास मारतोय, बाहेर बस. मल्हारी बाहेर बसला नाही. तो जो गेला, तो परत आला नाही. आणि परमेश्वर धावड्याला गेला नाही. कोणत्या तोंडानं जाणार?

त्यांची माय आसराबाई परमेश्वरकडं राही. तिचा नेम होता. सांजेची आरती झाली, की माइकपुढं उभं राहून ती देवाजवळ चार शब्द बोले आणि मगच घरी येऊन जेवी. बोलणं मुळातच हळू. त्यात हा डबा. लोकांना पहिला शब्द तेवढा कळे, "परमेश्वरा". बाकी सगळा हुंकार. म्हातारी देवाला आळवतेय म्हणून लोक हात जोडून उभे राहत. डबा घुमतो अशी तक्रार तिनं कधी केली नव्हती.

त्या दिवशी गुलाबी गुंडे कोपऱ्यात फेकून परमेश्वर वैतागून म्हणाला, "माय, हा डबा एकदाचा साफ बोलला ना, तर तू म्हणशील ते करीन मी."

"बराबर ध्यानात ठेव," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती जीपनं कुठंशी गेली. दुपारी आली ती डोक्यावर गाठोडं घेऊन. आत लोकर होती, काळीभोर, हलकी, बोटानं पिंजून मोकळी केलेली. परमेश्वरनं आधी ती नाकाशी नेली. मेंढराचा वास बिलकुल नव्हता. नुसता रिठ्याचा होता. त्याचा जीव भांड्यात पडला. कुठल्या तरी गादीवाल्याकडून आणली असेल. त्यानं विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

त्यानं पातळ कापडाच्या पिशव्या शिवून घेतल्या, त्यांत लोकर सैल भरली आणि आतल्या बाजूंना टाचून टाकली. ठासलं नाही. सांजेला डबा देवळात पुन्हा टांगला आणि स्क्रू ड्रायव्हर हातात धरून खाली थांबला. आरती झाली. शब्द न् शब्द सुटा आला. टाळसुद्धा वेगळे ऐकू आले. रामराव त्याच्याकडं बघून मान डोलावून राह्यले.

मग आसराबाई माइकपुढं आली. तिनं डोळे मिटले, हात जोडले आणि रोजच्यासारखंच हळू म्हणाली, "परमेश्वरा."

लोकांनी हात जोडले.

"परमेश्वरा, ही लोकर मल्हारीची हाये. तुझ्या दुकानात वास येऊ न्हाई म्हणून त्यानं रिठ्यानं धुतली, अन् पुन्हा धुतली. मी रोज इथं उभी राहून तुला सांगते, लेकरा. आज तरी ऐक. भावाकडं जाऊन ये."

जोडलेले हात तसेच राहिले. रामराव खाली फरशीकडं बघू लागले. आसराबाईनं देवाला नमस्कार केला आणि ती जेवायला घरी निघाली. लेकाकडं तिनं पाहिलंही नाही.

परमेश्वरनं स्क्रू ड्रायव्हर कट्ट्यावर ठेवला. चपला घातल्या. स्टँडवर धावड्याकडं जाणारी जीप भरत आली होती. मागच्या बाकावर मांडीवर कोकरू घेतलेला एक म्हातारा होता. परमेश्वरचे पांढरे कपडे बघून तो आपसूक कोपऱ्याला सरकला.

"नीट बसा मामा," परमेश्वर म्हणाला आणि त्याला खेटून बसला.