चारच करा

“चार टक्के,” रणदिवे सर लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाले. अमेरिकेतल्या त्या नामांकित विद्यापीठात शाल्मलीला प्रवेश मिळण्याची ही शक्यता होती.

“चारच? लांबून आलोय हो सर,” तिची आई म्हणाली. “दहा करा.”

“ताई, हे मी नाही ठरवत.”

“कथकही शिकते ती. शिवाय पुढच्या वर्षी धाकट्यालाही तुमच्याकडेच आणणार आहे.”

मुलांना परदेशी पाठवण्याचा सल्ला देणं हा सरांचा व्यवसाय होता, त्यामुळे धाकट्याचा मुद्दा त्यांना पटला. सहावर सौदा ठरला. आई समाधानाने रिक्षा बघायला खाली गेली.

विसरलेली पाण्याची बाटली घ्यायला शाल्मली परत आली आणि दारातच घुटमळली. “सर, शून्य करता येईल का?”

“काय?”

“मला इथल्याच व्हेटर्नरी कॉलेजात जायचंय. शाळा सुटली की मी गुरांच्या डॉक्टरांकडे असते. परवा अडलेल्या म्हशीचं रेडकू मी ओढून काढलं. आईला वाटतं, मी कथकला जाते.”

सरांनी पहिल्यांदाच मान वर केली. हात कोपरापर्यंत आत घालावा लागतो का, असं त्यांनी विचारलं. खांद्यापर्यंत, असं तिने सांगितलं. सरांची बोटं लॅपटॉपवर भराभर चालू लागली.

“हे सगळं अर्जातल्या निबंधात लिही. सरळ चाळीस टक्के!”

शाल्मलीने एकदा जिन्याकडे पाहिलं आणि थेट आईच्या सुरात म्हणाली, “लांबून आलोय हो सर. चारच करा.”