अर्धा रुमाल

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी ह्यांचं कपाट आवरायला काढलं. बासरी निघाली, बुद्धिबळाचा पट निघाला. डॉक्टरकी सोडली तर या माणसानं एकही छंद तडीस नेला नाही.

भेटायला आलेल्या शेजारच्या शालनला म्हटलं, "ही बासरी ने तुझ्या लेकीला."

तिनं ती दोन्ही हातांत घेतली. "दम्यासाठी डॉक्टरांनीच तिला फुंकायला लावली होती, काकू. एकटीला लाज वाटायची, म्हणून स्वतःही शिकायला बसले. ती धावायला लागली, तशी त्यांनी बासरी सोडली."

सोबत आलेले गुरव मास्तर पट बघून म्हणाले, "पाय मोडून अंथरुणात होतो, तेव्हा मीच शिकवला त्यांना हा खेळ. मी काठीशिवाय चालायला लागलो आणि डॉक्टर खेळायला यायचे बंद झाले."

दोघं गेल्यावर कपाटाच्या तळाशी क्रोशाची सुई सापडली, अर्धवट रुमाल लटकलेला. माझी बहीण गेली तेव्हा मी कितीतरी दिवस कुणाशी बोलत नव्हते. हेच दोरा घेऊन शेजारी येऊन बसले होते. "मला शिकव ना जरा."

एका संध्याकाळी ह्यांचे वेडेवाकडे टाके बघून मला हसू फुटलं. दुसऱ्या दिवसापासून ह्यांनी सुईला हात लावला नाही.