मंडळाचा फोटो

"मागं पडदा लागंल," फोटोवाला म्हणाला, आणि सगळ्या मंडळानं म्हाळूकडं पाहिलं.

भिंतीचे पोपडे निघालेले, त्यांवर पानाच्या पिचकाऱ्या. गेवराईच्या व्यापार शिकवणाऱ्या वर्गातल्या पोरांचं मित्रमंडळ असल्या भिंतीपुढं बसणार कसं? फोटो तहसील कचेरीत लागायचा होता. फोटोत जो बसला, तो तहसीलदार साहेबांच्या ओळखीचा. त्याला दारावरचा शिपाई अडवत नाही, हे काय कुणी सांगायला हवं? हिशेब वर्गात शिकवत, धंदा मंडळात जमे.

त्याच वर्गातल्या म्हाळूला धंद्याआधी कुरण हवं होतं. गोदाकाठचं कुरण धनगरांच्या मेंढरांना बंद झालं होतं, आणि त्याचा बाप आश्रुबा दसऱ्यापासून कचेरीच्या पायरीवर बसून होता. साहेबांपर्यंत कुणी जाऊच देत नव्हतं. म्हणून तर म्हाळूनं मंडळासाठी काय करायचं ठेवलं नाही. सतरंज्या झटकल्या, पाणी भरलं, मेजवानीला घरचा मेंढा आणला. मंडळाचा अध्यक्ष सुंदरराव त्याच्याच गावच्या, तलवाड्याच्या, जमीनदाराचा मुलगा. मेंढा खाऊन हात पुसता पुसता तो म्हणाला होता, फोटोत तू माझ्या शेजारी, साहेबांची गाठ मी घालून देतो. म्हाळू आज नवा पटका बांधून आला होता.

"तुझी घोंगडी चालंल की," सुंदरराव म्हणाला. "लई लांब हाय."

साखराबाईनं, म्हाळूच्या आईनं, कातलेल्या लोकरीची ती घोंगडी. म्हाळूनं काढून दिली. एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं. दुसरं बांधायला काही नव्हतं. मग उंच कोण? म्हाळू! एवढा एक फोटो होऊ दे, मग तू बस, असं सुंदररावानं त्याच्या कानात सांगितलं. फोटो उतरायची काच एकच उरलीय हे फोटोवाल्यानं मघाशी सगळ्यांदेखत सांगितलं होतं. म्हाळूनंही ऐकलं होतं. तरी त्यानं टोक धरलं. फोटो राहिला तर राहिला, ओळख तरी होईल.

तहसीलदार आले, मधल्या खुर्चीत बसले. मान वळवून त्यांनी हात वर करून उभ्या असलेल्या म्हाळूकडं पाहिलं.

"ये कौन है?"

म्हाळूचे हात गुंतले होते, नाहीतर त्यानं वाकून सलाम केला असता. तो सुंदररावाच्या तोंडाकडं बघत राहिला.

"कोई नहीं, हुजूर," सुंदरराव हसून म्हणाला. "घोंगडीवाला है."

कोई नहीं! मेंढ्याचं हाडूक चोखून चोखून खाल्लं होतं याच तोंडानं. म्हाळूच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

फोटोवाला काळ्या कापडात शिरला. हलू नका, म्हणाला. भिंगावरचं झाकण निघालं. सगळे श्वास धरून बसले, आणि म्हाळूनं हातातलं टोक पुढं झुगारून दिलं.

जड घोंगडी सुंदररावाच्या आणि साहेबांच्या डोक्यावर आली. खुर्च्या कलंडल्या. साहेबांची रुमी टोपी धुळीत पडली. फोटोवाला काचेच्या नावानं ओरडू लागला.

म्हाळूनं गजाची गाठ सोडली, घोंगडी झटकून खांद्यावर टाकली.

"आता भिंतीसंगट काढा फोटो," एवढंच तो बोलला आणि फाटकाकडं चालू लागला.

तहसीलदारांचा चेहरा लालबुंद झाला होता. टोपी झटकत त्यांनी पुन्हा तेच विचारलं, "कौन है ये?"

सुंदररावानं हात जोडले. आता त्याला सगळं आठवलं. फाटकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला,

"म्हाळू वल्द आश्रुबा, हुजूर. धनगर. साकिन तलवाडा. बाप उसका आपकीच कचेरी की पायरी पर बैठता है."