उदाहरणातल्या बाई

“सर, एक उदाहरण विचारायचं होतं,” ती म्हणाली आणि नवऱ्याच्या समोरच्या खुर्चीत टेकली.

“विचारा की. पण वेळेवर येत जा,” ते म्हणाले.

गेले आठ महिने ती त्यांची विद्यार्थिनी होती. पहिल्यांदा त्यांनी ‘आपण कोण?’ असं विचारलं, तेव्हा ती स्वयंपाकघरात जाऊन हमसून हमसून रडली होती. मग तिनं ते पत्करलं. विद्यार्थिनीशी ते निदान बोलत तरी होते! आणि गंमत बघा, जेवलो की नाही ते आठवत नसे, पोटच्या मुलाचं नाव आठवत नसे. पण पस्तीस वर्षं शिकवलेलं नीतिशास्त्र जागच्या जागी होतं. कुठलाही पेच टाका, गडी लगेच सरसावून बसायचा.

टेबलावर वृद्धाश्रमाचा अर्ज होता. तिथे एक खोली रिकामी झाली होती आणि उद्या दुपारपर्यंत कळवायचं होतं. तिची सही तेवढी राहिली होती. डावा हात प्लास्टरमध्ये होता, कारण गेल्या आठवड्यात बाथरूममध्ये त्यांना सावरताना दोघंही पडली होती. मुलगा फोनवर म्हणाला होता, “आई, आता बास. तू धड राहिलीस तर बाबांचं कुणी बघेल.”

“एक बाई आहेत,” तिनं सुरुवात केली. “सत्तरीच्या. त्यांनी नवऱ्याला शब्द दिला होता, काही झालं तरी तुम्हाला घराबाहेर ठेवणार नाही म्हणून. आता नवरा आजारी आहे आणि बाईंच्यानं होत नाही. त्यांनी शब्द मोडला तर चालेल?”

त्यांचे डोळे लकाकले. हा चेहरा तिनं कित्येक दिवसांत पाहिला नव्हता.

“परिणामांकडे बघणारे म्हणतील, खुशाल मोडा. दोघं बुडण्यापेक्षा एक तरी वाचेल. पण ही मंडळी फार लवकर मोकळी होतात हो! शब्द आता बाईंचा राहिलेला नाही. ज्याला दिला, त्याचा झाला. त्यातून सोडवायचं तर त्यानंच.”

“त्याला शब्द घेतल्याचं आठवतच नाही.”

“अरेच्चा!” त्यांनी मांडीवर थाप मारली. “मग छानच घोळ घातलात की!”

ती हसली. हा माणूस तिला परत हवा होता. अस्सा, मांडीवर थाप मारणारा, आणि ‘अगं’ म्हणून हाक मारणारा. एवढं मिळालं असतं तर बाकीचं सगळं करायला तिची ना नव्हती, मोडक्या हातानंसुद्धा.

“असं करा,” ते म्हणाले. “आजच्या माणसाला बाजूला ठेवा. तेव्हाच्या माणसाला विचारायचं, बाबा रे, तुझी बायको पार मोडून पडलीय, काय करू या? त्याचा तिच्यावर खरोखर जीव असेल, तर तो म्हणेल, केलंस तेवढं पुष्कळ, सुटलीस तू. नसेल, तर शब्दाला चिकटून बसेल.”

म्हणजे झालं की काम. सही करायला ती मोकळी होती. पण तिला हायसं काही वाटेना. त्यांनी हट्ट करावा, ‘अजिबात चालणार नाही’ म्हणून टेबल बडवावं, हेच ऐकायला आपण बसलो होतो, हे तिला आत्ता कळत होतं. तेवढ्यापुरते तरी ते तिला धरून आहेत असं वाटलं असतं.

तिनं पेन उचललं, खाली ठेवलं. मग विद्यार्थिनीनं विचारू नये ते विचारलं.

“होता का हो जीव?”

“कुणाचा?”

“त्या नवऱ्याचा. बाईंवर.”

त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. कपाळाला आठ्या घालून, अगदी मनापासून शोधत असल्यासारखे.

“ते मी कसं सांगणार?” ते म्हणाले. “उदाहरण तुमचं आहे. तुम्हालाच माहीत असणार.”